मासळीच्या पाण्यावरच्या पाकोळ्या

फुलपाखरू म्हणजे नाजूक, भिरभिरणारं, मधाच्या दोन थेंबांवर जगणारं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या रोह्याच्या परसात यावं. विळीवर जिताडा मासा कापावा, त्याचं रक्ताचं पाणी कढीलिंबाच्या बुडाशी ओतावं आणि गप बसून राहावं. उन्हं जरा वर आली की येतात. काळेभोर पंख, त्यावर निळे पट्टे, तळहाताएवढा आकार. राणी पाकोळी म्हणतात तिला. राणी कसली डोंबलाची! रक्तावर येतात ते बहुतेक नर. सोंड चिखलात खुपसायची नि ढोसत बसायचं, शेजारच्याला पंखानं हाणायचं, ढकलायचं. आमच्याकडच्या बायका मासळीचं पाणी कधी वाया घालवत नाहीत. माडाला घालतात, नाहीतर कढीलिंबाला, झाड जोर धरतं म्हणून. त्यामुळं मला फुलपाखरांच्या मागं रानोमाळ भटकावं लागलं नाही.

माझे फोटो बघून लोक विचारतात, एवढे शार्प कसे येतात हो? तर सांगते. साडी नेसून जमत नाही, मी ह्यांची जुनी पँट चढवते. पोटावर पालथं पडायचं, कोपरं जमिनीला टेकवायची. आपली सावली पाकोळीवर पडली की संपलं, म्हणून ऊन पाठीमागून नको, बाजूनं हवं. क्लोज-अपच्या लेन्समधून तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीचंच काय ते शार्प येतं, अलीकडे-पलीकडे सगळा धुरळा. तो दाणा तिच्या डोळ्यावर पडला पाहिजे. डोळा गेला तर बाकीचं कितीही देखणं असो, फोटो फेकून द्या. लेन्सची रिंग फिरवत बसायचं नाही, आपलं अंगच केसभर पुढं, केसभर मागं करायचं. पंख मिटलेले असले तर लेन्स पंखाला समांतर धरायची, म्हणजे सगळा पंख एका पातळीत येतो. राणी पाकोळी पितानाही पुढचे पंख थरथरवत राहते. मधेच क्षणभर थांबते. श्वास अर्धा सोडून तेवढ्या क्षणाची वाट बघायची नि बटण दाबायचं.

एकदा डोळा लावला की बाहेरचं काही ऐकू येत नाही, असंही फोटो काढणारे सांगतात. मला ते कधी जमलं नाही. मी सगळं ऐकत असे.

मी मूळची पेणच्या खाडीकडची. बाप मिठागरावर राबायचा. संध्याकाळी त्याचा सदरा घामानं नि मिठानं ताठ झालेला असायचा, तो काठीवर टाकला की त्याच्यावर पिवळी फुलपाखरं येऊन बसायची, मीठ चाटायला. बापाच्या जिभेवरही मीठच होतं आणि ते सगळं माझ्यात उतरलं. राग कायम नाकावर. रोह्याला दिली तेव्हा आई म्हणाली होती, "बाय गो, हात जोडते, तिथं तरी जीभ आवर." जीभ आवरली मी. हात नाही आवरला.

सासरी दोन भावांची दोन घरं, पण आवार एक. मागं एकच परस, त्यात कपडे धुवायचा एक दगड आणि एक कढीलिंब. आमचे हे थोरले, कंपनीत शिफ्टवर. धाकटा माझा दीर, टेम्पो चालवायचा. त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, कोलाडकडच्या शेतकऱ्याची पोर. बारीक अंगाची, हळू बोलणारी, पण मासळी साफ करावी तर तिनंच. निवट्यासारखा बुळबुळीत मासाही तिच्या हातून सुटायचा नाही. मी तिच्याशेजारी बसून बडबडायची आणि ती हसायची. ताई, तुमच्या तोंडाला कुलूप कुठलं लावायचं, म्हणायची.

दीर तिला मारायचा. भात गार म्हणून, मूल नाही म्हणून, टेम्पो वाटेत बंद पडला म्हणून. कारण लागतच नव्हतं. भिंतीपलीकडून आवाज यायचे, आणि आमचे हे रेडिओ मोठा करायचे. एकदा तिला केसांना धरून त्यानं परसात ओढत आणलं आणि धुण्याच्या दगडावर तिचं तोंड दाबलं. मी तिथंच पाणी भरत होते. म्हटलं, "भावजी, सोडा तिला." तर म्हणतो कसा, "वहिनी, तुमचं काम नाय ह्यात." तुमचं काम नाय! भरलेली बादली होती हातात, ती घातली त्याच्या डोक्यात. लोखंडी होती. कपाळाला खोक पडली, रक्त डोळ्यात उतरलं. "मुडद्या, हात झडले तुझे!" म्हणून मी दुसऱ्यांदा उचलली, तेवढ्यात ह्यांनी मागून मला कवळ घालून धरलं, नाहीतर त्याच दिवशी निकाल लागला असता.

मग मी पोलीस ठाण्यात गेले. पोलीस आले, त्यांनी जावेला नीट विचारलं. ती म्हणाली, पाय घसरून पडले. आता ह्यावर पोलीस तरी काय करणार? ते गेल्यावर तिला आणखी मार बसला, तो माझ्या ठाण्यात जाण्याबद्दल. दिरानं ह्यांना सांगितलं, "माझी बायको त्या बाईशी एक शब्द जरी बोलली ना, तर तिला उभी चिरीन. तुझ्या बायकोला सांगून ठेव." आमचे हे भांडणाला भिणारे. घरातलं घरात राहू दे म्हणाले, आणि दोघा भावांनी मिळून परसाच्या मधोमध वई घातली, काटक्याकुटक्यांचं उंच कुंपण. दोघं वाकून खुंटे ठोकत होते. दोघांच्या कमरेला एकसारखे पट्टे, बकलावर घोड्याचं तोंड. दिवाळीला ह्यांनीच पेणच्या बाजारातून आणले होते, एक स्वतःला, एक भावाला. मी ओट्यावर उभी राहून ते बघितलं आणि दोघांनाही मनातल्या मनात शिव्या दिल्या. एका शब्दापायी तिला मार बसणार होता, म्हणून मोठ्यानं दिल्या नाहीत.

कॅमेरा त्याच सुमाराला आला. माझा मावसभाऊ कोलाडला लग्नाचे फोटो काढतो. त्यानं नवा घेतला आणि जुना माझ्याकडे टाकला, लेन्ससकट. नवरीची मेंदी, अंगठी, मंगळसूत्र जवळून टिपायची ती लेन्स. मी आधी जास्वंदीवर हात बसवला, मग मुंग्यांवर. एकदा घाणेरीच्या फुलात दबा धरून बसलेल्या कोळ्यानं एक पांढरं फुलपाखरू मानेला धरलं. ते फडफडत होतं, तो सोडत नव्हता. पाखरू गार होईपर्यंत मी फोटो काढत होते. कोळ्याला हटकलं नाही, त्याचं ते पोट आहे. माणसाचं पोट बायकोला बडवून भरत नाही, म्हणून त्याला हटकायचं असतं.

वई कढीलिंबाला टेकून गेली होती. झाड आमच्या बाजूला, दगड त्यांच्या बाजूला. जाऊ तिकडे मासळी साफ करायची आणि पाणी आणून बरोबर वईच्या मुळाशी ओतायची, कढीलिंबाची मुळं तिथवर आली होती. पाकोळ्या तिथंच उतरायला लागल्या. मग मी माझ्या बाजूनं पालथी पडून काटक्यांच्या फटीतून लेन्स पलीकडे काढायची. पाकोळी माझ्यापासून हातभर, आणि तिच्यामागं जावेचे पाय. बोलायचं नाही. ती खाकरली की मी एकदा बटण दाबायची, खटक्. म्हणजे आहे मी. एवढंच आमचं बोलणं.

दीर कधी मागल्या दारी आला आणि वईतून बाहेर आलेली लेन्स दिसली की पचकन थुंकायचा आणि आत जायचा. मारायचा तो घरात मारायचा. परसात माझ्यासमोर त्याचा हात उठत नव्हता, बादली आठवत असणार. त्यामुळं मासळी साफ करायची तेवढा वेळ तिचा सुखाचा. तो लांबावा म्हणून ती एकेका मांदेलीला इतका वेळ लावायची की मांजरंसुद्धा कंटाळून जायची. आणि माझे फोटो चांगले यायला लागले ते त्यामुळंच. रोज तितका वेळ पालथं पडायला मिळालं तर दगडालाही फोटो जमतील.

पण श्रावण आला की सगळं बंद. श्रावणात आमच्या दोन्ही घरांत मासळी नाही. दीर तर श्रावण कडक पाळायचा. मच्छी नाही, मटण नाही, दारूचा थेंब नाही, सोमवारी उपास, शंकराला बेल. बायकोला मारणं तेवढं श्रावणात चालायचं. उलट दारू नसली की त्याचा हात नेमका बसायचा. आणि मासळी नाही म्हणजे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे पाकोळ्या नाहीत, मग मी वईपाशी पडून राहायचं ते कशाच्या नावावर? एकदा गेले तशीच, तर वईपलीकडून दिराचा आवाज आला, "काय वहिनी, श्रावणात कसला वास घेताय?" त्यानंतर घरातनं आपटल्याचा आवाज आला. मी कानात बोळे घातल्यासारखी उठून आले, कारण माझं तिथं असणं तिच्या अंगावर निघत होतं. त्या महिन्यात मी घरात भांडी आपटायची, ह्यांच्यावर डाफरायची. "तुमचा भाऊ हाय तो, तुमीच आवरा." ते म्हणायचे, "आवरतो, बोलतो." बोलले कधीच नाहीत.

त्या दिवशी तीन-चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं होतं. हे पहिल्या शिफ्टला गेलेले. दिराचा टेम्पोही, मी नदीवरून धुणं घेऊन येताना, वाटेत दिसला होता. मी कपडे वाळत घालत होते, आणि कढीलिंबावर एक राणी पाकोळी दिसली. मग दुसरी. बघते तर वईच्या मुळाशी आणखी तीन उतरलेल्या. श्रावणात! ओले कपडे तसेच बादलीत टाकले, धावत कॅमेरा आणला आणि चिखलात आडवी झाले.

काय उजेड होता. एक नर अगदी फटीसमोर, पंख मिटून, सोंड मातीत. मी अंग केसभर पुढं सरकवलं, डोळा शार्प झाला, सोंड शार्प झाली, सोंडेखालची माती शार्प झाली. माती तांबूस होती. मला हसूच फुटलं. म्हटलं, अरे चोरा! श्रावण मोडलास होय? बेल वाहतोस आणि घरात चोरून जिताडा शिजवतोस? आता सगळ्या आळीत सांगते की नाही बघ. खरंच, हेच आलं मनात.

मग खवले शोधले. मासळीच्या पाण्यात खवले असतातच, कितीही सांभाळून ओता, उन्हात चमकतात. तिथं एकही खवला नव्हता. एक केस होता. लांब, बाईचा, ओल्या मातीला चिकटलेला आणि लेन्समध्ये मुळापासून टोकापर्यंत स्वच्छ दिसणारा.

वई कशी तोडली ते आठवत नाही. काटे निघायला पुढं चार दिवस लागले, एवढं खरं. जाऊ वईला लागूनच पडली होती. डोकं वरच्या बाजूनं फुटलेलं, जबडा एका अंगाला सरकलेला, तोंड वाकडं होऊन बंद. हातात तांब्या. मी ड्रेसवर होते, पदर नव्हता, म्हणून गळ्यातली ओढणी काढून तिचं डोकं आवळलं. "कुठं गेला तो भाड्या? कुठं गेला?" मी किंचाळत होते. तिनं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात लावला. मग पाठ माझ्याकडे केली, एका हातानं ब्लाउज वर ओढला आणि दुसऱ्या हाताचं बोट दाबून दाखवलं, खटक्.

मी आयुष्यात खूप फोटो काढले, तसे पुन्हा काढायला लागू नयेत. पाठभर काळेनिळे पट्टे. डोळे सारखे भरून येत होते, काही केल्या शार्प येईना. स्वतःलाच म्हटलं, सटवे, रडायचं नंतर, आता काम कर. ऊन बाजूनं येत होतं, तेच हवं होतं, बाजूच्या उजेडात उंचवटा आणि खळगा दोन्ही दिसतात. कोपरं दगडावर टेकवली. लेन्स पाठीला समांतर धरली. अर्धा श्वास सोडला आणि तिचा श्वास थांबायची वाट बघितली. चार-पाचच काढले, मग रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यातून ठाण्यात खबर गेली. दुपारी दीर सापडला. ठाण्यावरची अधिकारी बाई होती, माझ्याहून लहान, पण नजर करवतीची. ह्यांनाही कंपनीतून बोलावून आणलं होतं. दीर शांतपणे बसला होता. म्हणतो, "पावसाचं शेवाळ झालंय परसात. दगडावर पडली असेल. मी तर टेम्पोवर होतो." विचारा तिला, म्हणाला. तिला विचारायचं कसं? तिचा जबडा मोडला होता.

बाईंनी माझे फोटो संगणकावर लावले. खांद्याखालचा एक फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. एका वळाच्या टोकाशी एक खूण उमटली होती. घोड्याचं तोंड. नाकपुडी दिसत होती, लगाम दिसत होता. दिराचं लक्ष तिकडे गेलं, आणि त्यानं शर्ट खाली ओढला, ते मला दिसलं तसं बाईंनाही दिसलं.

"असले पट्टे बाजारात ढिगानं मिळतात," तो म्हणाला. मग माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "ह्याच्याकडं पण हाय असलाच. ह्याला विचारा. शेजारीच राहतो. मला काय म्हाईत, मी नसताना कोण माझ्या घरात येतं ते."

मी उठले होते, पण माझ्याआधी आमचे हे उठले. त्यांनी पट्टा सोडला, एका हातानं पँट धरली आणि पट्टा टेबलावर ठेवला. आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना पुढं वाकावं लागलं. "मॅडम, माझ्या घोड्याचे दोन्ही कान शाबूत हायेत. ह्याच्या घोड्याचा एक कान तुटलाय, टेम्पोच्या दारात आपटून. मला दाखवलं होतं त्यानं, दुसरा आण म्हणाला होता."

सगळ्यांनी फोटोकडे बघितलं. जावेच्या पाठीवरच्या घोड्याला एकच कान होता.

"शर्ट वर करा," बाई म्हणाल्या. दीर हलला नाही. आमच्या ह्यांनी, ज्यांनी जन्मात कुणाला दुखवलं नाही, पँट धरलेला हात सोडून त्याच्या अशी एक कानफटात ठेवून दिली की तो खुर्चीसकट कलंडला. मग छातीवर बसले आणि बडवत सुटले, "तुझ्यासाठी वई घातली मी, तुझ्यासाठी!" असं ओरडत. दोन पोलिसांनी धरून काढलं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आनंदही झाला आणि हा हात आधी का नाही उठला म्हणून त्यांचाही राग आला, दोन्ही एकदम.

खटला चालला, फोटो पुढं आले, त्याला शिक्षा झाली. पण ते नंतरचं. आधी जावेचा जबडा तारेनं बांधला होता, पेज नि सार एवढंच नळीनं चालायचं. ती आमच्याकडेच राहिली. बोलता येत नसल्यानं आमच्यात पुन्हा तेच खाकरणं चालू होतं. ह्यांनी वईचे उरलेले खुंटे स्वतः उपटले, काटक्या बंबात गेल्या. श्रावण सरला, गणपती गेले, तारा निघाल्या. ती हळूहळू बोलायला लागली, जरा वाकडं.

मग एका सकाळी मी बाजारातून जिताडा आणला. ती दगडापाशी विळी घेऊन बसली, मी शेजारी. पहिलं पाणी तिनं कढीलिंबाच्या बुडाशी ओतलं. उन्हं वर आली, पाकोळ्या उतरल्या, मी कॅमेरा घेऊन पालथी पडले. लेन्समधून बघता बघता म्हटलं, "नशीब गो बाय, त्या दिवशी पाकोळ्या आल्या. नायतर श्रावणात मी वईकडं फिरकणार नव्हते."

विळीचा आवाज थांबला.

"नशीब कसलं, ताई," ती म्हणाली. "तोंड उघडत नव्हतं, तुमाला हाक कशी मारणार? पाकोळ्या आल्या की तुमी येता, एवढं ठाऊक होतं. तांब्यात डोसक्याचं रगत धुतलं, नि ते पाणी सरकत सरकत नेऊन ओतलं तिथं."

मी डोळा लेन्सवरून काढला नाही. माझी हिंमत झाली नाही.

"पयली आली ना," ती पुढं म्हणाली, "ती वरच बसली, पानावर. उतरंचना. मला तर डोळ्यापुढं अंधारी येत होती. मनात एवढ्या शिव्या घातल्या तिला. म्हटलं, उतर गो बाय. खाली उतर."

तिनं मासा पुन्हा विळीवर धरला. समोर पाकोळी अगदी निवांत पीत होती, ऊनही बाजूनं होतं, पण त्या दिवशी माझा एकही फोटो शार्प आला नाही.